अतिसंवाहकांतील प्रत्यावर्ती प्रवाह-हानी : प्रतिमाने

उच्च तापमानी अतिसंवाहकातून (द्रव नायट्रोजनाच्या थंडीतही ज्याचा विद्युत् रोध नाहीसा होतो अशा पदार्थातून) एकदिश प्रवाह जवळजवळ हानीविना वाहतो. प्रवाह प्रत्यावर्ती (एसी) असला की तार तापते. ही उष्णता आधीच गणिताने काढण्यासाठी निरनिराळी प्रतिमाने (गणिती मॉडेल) वापरतात. द्रव नायट्रोजनाच्या ७७ केल्विन तापमानाला निर्माण झालेला १ वॉट बाहेर काढण्यास आदर्श यंत्रालाही सुमारे ३ वॉट, तर प्रत्यक्षात साधारण १० ते २० वॉट लागतात. म्हणून थोडी हानीही महाग पडते.

सांगली-कराडच्या महाविद्यालयांत ट्रान्सफॉर्मर शिकलेल्यांना हिस्टेरिसिस (चुंबकन मागे रेंगाळल्याने दर आवर्तनात होणारी हानी) परिचित असते. येथील कारण मात्र लोखंडातल्यासारखे नाही. चुंबकीय स्रोतरेषा स्फटिकातील दोषांना अडकून बसतात आणि त्यांना दर आवर्तनात ओढून काढताना ऊर्जा खर्ची पडते.

क्रांतिक अवस्थेचे प्रतिमान बीन यांच्या नावे रूढ आहे (१९६२, विस्तृत मांडणी १९६४). हाइन्ट्स लंडन यांनी १९६३ मध्ये अशाच गृहीतावर प्रत्यावर्ती हानीचे गणित स्वतंत्रपणे मांडले, त्यामुळे काही लेखक दोघांची नावे जोडतात. मूळ कल्पनेपुरता अग्रमान बीन यांचाच दिसतो. हानीच्या सूत्रांपुरते लंडन यांचे नाव गाळणे मात्र योग्य वाटत नाही. कल्पना सोपी आहे : सांगलीच्या मार्केट यार्डात हळद कितीही ओतली तरी ढिगाचा उतार ठरावीकच राहतो, तसा जाड पाटात चुंबकीय क्षेत्राचा उतार क्रांतिक प्रवाहघनतेने (पदार्थ जवळजवळ हानीविना वाहून नेऊ शकतो त्या कमाल घनतेने) ठरतो. जिथे क्षेत्र पोचले नाही, तिथे प्रवाह शून्य.

पातळ पट्टीला हे जसेच्या तसे लागू पडत नाही, कारण तिच्या मध्यभागी क्षेत्र नसतानाही प्रवाह असतो. नॉरिस यांनी १९७० मध्ये लंबवर्तुळाकार छेद व पातळ पट्टी यांसाठी वेगळी सूत्रे दिली. क्रांतिक प्रवाह १०० अँपिअर, शिखरप्रवाहही तेवढाच आणि वारंवारता कोयनेच्या विजेची, म्हणजे ५० हर्ट्झ, असे धरल्यास पट्टीची हानी दर मीटरला सुमारे ०.०७७ वॉट, तर लंबवर्तुळाची ०.१० वॉट येते. शिखरप्रवाह निम्मा केला की हेच आकडे २.३ व ५.७ मिलिवॉटवर उतरतात. प्रत्यक्ष मापने बहुधा या दोन वक्रांच्या दरम्यान पडतात. बाह्य लंब क्षेत्रातील पट्टीचे गणित ब्रँट व इंडेनबोम यांनी १९९३ मध्ये केले.

गुंडाळ्या व केबलींसाठी संख्यात्मक पद्धती लागतात. त्यांत विद्युत् क्षेत्र प्रवाहघनतेच्या n व्या घातात वाढते असे मानतात. n बहुधा २० ते ४०, आणि तो अनंताकडे नेला की बीन यांचेच प्रतिमान मिळते. चुंबकीय क्षेत्र हेच चल मानणारे एच-सूत्रण २००० नंतरच्या दशकात रुळले. अतिसंवाहक तारेची टेप ४ मिमी. रुंद आणि अतिसंवाहक थर जेमतेम १ मायक्रॉनचा, म्हणून गणितासाठी पाडलेल्या लहान तुकड्यांची जाळी प्रचंड होते. थराची जाडी शून्य धरणारे टी-ए सूत्रण (२०१७) त्यावर उतारा ठरले.

तारेतील तंतूंमधील युग्मन-हानी (एका तंतूतून दुसऱ्यात जाणाऱ्या प्रवाहाने होणारी), चांदीच्या आवरणातील एडी प्रवाह व चुंबकीय निकेल-टंगस्टन पायाची हानी वेगळी मोजतात.