गटसंमेलनापासून ऑनलाइन गटापर्यंत : कोकणातील शिक्षकांच्या एकत्र शिकण्याची पार्श्वभूमी

कोकणातल्या शिक्षकाला ऑनलाइन गटात शिकणे सुरुवातीला जड गेले, याचे कारण केवळ रेंजमध्ये शोधले तर ते अपुरे ठरते. डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या आणि दोनशिक्षकी शाळा असलेल्या या पट्ट्यात सहकाऱ्यांची गाठ पडत असे ती केंद्रशाळेतल्या गटसंमेलनात, ज्याला पुढे शिक्षण परिषद म्हणू लागले. तिथे नमुना पाठ होई, चर्चा होई. पण वर्गातली खरी अडचण बहुधा जेवणाच्या सुट्टीत, डबे उघडल्यावरच बोलली जाई, आणि ती इतिवृत्तात कधी उतरत नसे.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे शिक्षकांसाठीचे केंद्र सरकारचे ऑनलाइन व्यासपीठ आले. ऑगस्ट २०१९ मध्ये सुमारे ४२ लाख शिक्षकांसाठी समोरासमोरच्या प्रशिक्षणाचा ‘निष्ठा’ कार्यक्रम सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२० पासून तो ऑनलाइन घेतला जाऊ लागला. त्याच वर्षी ३ जूनला रायगडच्या किनाऱ्यावर निसर्ग चक्रीवादळ धडकले होते आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी पठारावर जाऊन, रेंज मिळेल तिथे उभे राहून घटक पूर्ण करणाऱ्या शिक्षकांच्या चिकाटीची नोंद कोणत्याही प्रमाणपत्रावर नाही, हे मला आजही खटकते.

ऑनलाइन शिकणारा कसा रुळतो, याचे पाच टप्पे ऑनलाइन अध्यापनाच्या अभ्यासक गिली सॅमन यांनी २००० मध्ये मांडले : प्रवेश, परस्परांशी ओळख, माहितीची देवाणघेवाण, मिळून ज्ञान घडवणे आणि शेवटी स्वतःच्या शिकण्याकडे डोळसपणे पाहणे. आपल्याकडे यातला दुसरा टप्पाच राहून गेला, असे माझे मत आहे. डब्याभोवती जमणारा विश्वास पडद्यावर आपोआप येत नाही. म्हणून ऑनलाइन गटात कोणीही पाठ टाकला की त्याखाली ‘खूप छान सर’ एवढेच उमटत राहिले. अनोळखी सहकाऱ्यांपुढे, तेही लेखी, आपले अडलेले दाखवायचे, ही सवय कोणालाच नव्हती.

राजापूर तालुक्यातल्या एका बाईंनी मात्र पाठाऐवजी मुलाच्या पाटीचा फोटो टाकला. पाटीवर ५२ वजा २७ बरोबर ३५ असे लिहिलेले होते आणि खाली बाईंचा प्रश्न होता, ‘हातचा तीनदा शिकवला, आता काय करू?’ त्या संध्याकाळी ‘खूप छान’ कोणी लिहिले नाही. एका गुरुजींनी माडाच्या हिरांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधून, त्यांतली एक मुलाच्या हाताने सोडवून घ्यायला सुचवले, आणि सोबत स्वतःच्या वर्गातल्या जुड्यांचा फोटो जोडला.