रेडिएटरचा फॅन ‘डायरेक्ट’ का करतात?

गाडी गरम होते म्हणून गॅरेजमध्ये नेली की अजूनही अनेक ठिकाणी पहिला उपाय ठरलेला असतो: फॅन डायरेक्ट करून टाकू. थर्मो स्विच, म्हणजे रेडिएटरचं पाणी तापलं की पंखा लावणारा स्विच, काढून टाकायचा, इग्निशनवरून वायर ओढायची, चावी फिरवली की पंखा सुरू. याला निव्वळ हलगर्जीपणा म्हणणं मला पटत नाही.

त्यामागे जुन्या गाड्यांची सवय आहे. पद्मिनी आणि अँबॅसेडर या दोन्ही गाड्यांत इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेनं. पंखा वॉटर पंपाच्या पुलीवर, आणि ती फिरवणारा फॅन बेल्ट. वायरीचा संबंधच नाही. इंजिन चालू तर पंखा चालू. पण त्यामुळे पंख्याचा वेग इंजिनाच्या वेगाला बांधलेला. खंडाळ्याच्या घाटात ट्रकमागे रांगत चढताना इंजिनावर भार मोठा, फेरे कमी, समोरून वाराही नाही. नेमकी तेव्हाच हवा अपुरी पडायची. बॉनेट उघडून कडेला उभ्या राहिलेल्या गाड्या घाटात नेहमीच दिसत, त्याचं हे एक कारण. उलट सपाट मोकळ्या रस्त्यावर पंख्याची गरज नसतानाही तो इंजिनाची ताकद खात असे.

मग इंजिन आडवं झालं. त्याची पुली गाडीच्या बाजूकडे वळली, त्यामुळे पुढच्या रेडिएटरमागे बेल्टचा पंखा बसेना. 1959च्या मिनीत रेडिएटर बाजूला सरकवून बेल्टचा पंखा टिकवला होता. 1969च्या फियाट 128मध्ये फियाटचे अभियंते दान्ते जिआकोसा यांनी रेडिएटर पुढेच ठेवला आणि पंख्याला विजेची मोटर दिली. आडव्या इंजिनाची आणि विजेच्या पंख्याची ही रचना आपल्याकडे घरोघरी पोचवली ती डिसेंबर 1983मध्ये आलेल्या मारुती 800ने.

आता पंखा कधी फिरायचा हे थर्मो स्विच ठरवू लागला. पाणी साधारण 90 ते 95 अंशांवर गेलं की तो सर्किट जोडतो, काही अंश उतरलं की तोडतो. त्या काळच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत मोटरचा सगळा करंट याच स्विचमधून जाई. पॉइंट जळायचे, पावसाळ्यात कपलरच्या, म्हणजे वायरी जोडणाऱ्या सॉकेटच्या, पिनांवर हिरवट थर चढायचा, आणि पंखा लागायचाच नाही. पाणी उकळून हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं पॅकिंग) गेल्यावर मालकाला कळायचं. ज्या मेकॅनिकचं आयुष्य सतत फिरणाऱ्या पंख्यांत गेलं, त्याला डायरेक्ट करणं म्हणजे जुनी, खात्रीची पद्धत परत आणणं वाटलं असणार. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, शाबूत असेल तर त्यानं इंजिनाचं फारसं बिघडतही नव्हतं. मोटरचे कार्बन (आत करंट पोचवणारे ब्रश) आणि बुश (शाफ्टचा आधार) मात्र लवकर झिजत.

खरा धोका वायरीत होता आणि आहे. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचते. इग्निशन स्विच तेवढ्यासाठी बनलेला नसतो, आणि मध्ये फ्यूज नसेल तर वायरीचं आवरण वितळून आगही लागू शकते. रिले आला तो यासाठीच. बारीक करंटवर कॉइल ओढायची आणि मोठा करंट बॅटरीवरून वेगळ्या वाटेनं न्यायचा. रिलेवरचे 30, 85, 86, 87 हे आकडे जर्मन मानकातले. बॅटरीवरून फ्यूजमार्गे 30ला, 87वरून पंख्याला, 85 आणि 86 कॉइलला. नवं वायरिंग करायचंच असेल तर निदान एवढं तरी करावं, आणि अर्थची जागा रंग खरवडून घट्ट आवळावी.

2000च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, इंजेक्शनची इंजिनं आली आणि पंख्याचा निर्णय ईसीयूकडे, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरकडे, गेला. एसी लावला तरी पंखा फिरावा लागतो, कारण एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच असतो. अनेक गाड्यांत दोन वेग आले. हळू वेगासाठी मध्ये करंट कमी करणारा रेझिस्टर. तो जळला की पंखा फक्त मोठ्या वेगावर लागतो, आणि चांगली मोटर विनाकारण बदलली जाते.

अलीकडच्या काही गाड्यांत पंख्याच्या मोटरलाच नियंत्रक मॉड्यूल असतं. दोन जाड वायरींसोबत सिग्नलची एक बारीक वायर येते. ती वायर कोणती हे न पाहता थेट बारा व्होल्ट दिले तर मॉड्यूल जळू शकतं.