चेंडू बॅटला लागेपर्यंत नजरेत राहतो का?

बेसबॉलबद्दल एक समज वर्षानुवर्षे फिरत आहे: चांगला बॅटर चेंडू बॅटवर आदळतानाही पाहतो. तसं वाटणं साहजिकच आहे, कारण ‘चेंडूवरची नजर हटवू नकोस’ हे शिकवणीतलं पहिलं वाक्य.

आता हिशोब करू. पिचरची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याची, पट्टी होम प्लेटपासून (बॅटर जिच्या शेजारी उभा राहतो ती जमिनीवरची पाटी) १८.४४ मीटरवर असते, पण हात पुढे येऊन चेंडू सुटतो तेव्हा उरतात साधारण १७ मीटर. ताशी १५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास ४२ मीटर. सगळा प्रवास सुमारे ०.४ सेकंदांचा! त्यातले ०.१५ सेकंद बॅट फिरवण्यातच जातात. म्हणजे बॅट निघते तेव्हा चेंडू अजून सहा मीटर लांब असतो. निर्णय त्याआधीच झालेला असतो.

शेवटच्या दीड-दोन मीटरांत तर चेंडू डोळ्यांसमोरून इतक्या वेगाने सरकतो की नजर मागे पडते, किंवा आधीच पुढे उडी मारून चेंडू बॅटला भेटेल त्या जागी थांबते. फलाटावर उभं राहून न थांबणारी गाडी पाहा. दूरवरचं इंजिन नजरेत मावतं, समोरून जाताना डब्यावरची अक्षरंही वाचता येत नाहीत.

मग सल्ला चुकीचा? नाही. सुरुवातीचा मार्ग नीट दिसला तरच अंदाज बरोबर येतो, शिवाय डोकं स्थिर राहतं. पडताळायचं असेल तर समोरून घेतलेलं स्लो मोशन चित्रण थांबवत पाहा. टक्कर होते त्या क्षणी बॅटरचे डोळे नेमके चेंडूवर असतातच असं नाही.