पोटेन्शियलचा आकडा हलला तेव्हा

ईए कंपनीच्या फिफा या फुटबॉल व्हिडिओ गेममध्ये करिअर मोड असतो, म्हणजे एक क्लब हाती घेऊन हंगामामागून हंगाम चालवायचा. त्यात कोवळी पोरं हेरण्याच्या इतिहासाचे दोन भाग करायचे तर रेघ सप्टेंबर २०१९ वर पडते. त्या महिन्यात फिफा २० आला आणि त्यासोबत डायनॅमिक पोटेन्शियल आलं. तोवर प्रत्येक खेळाडूच्या पोटेन्शियलचा, म्हणजे तो पुढे जास्तीत जास्त किती चांगला होऊ शकतो त्याचा, आकडा जवळजवळ काळ्या दगडावरची रेघ होता. त्यानंतर किती सामने खेळला, कसा खेळला, वय काय, यावर तो वरखाली होऊ लागला. कंपनीने हे वास्तवतेकडचं पाऊल म्हणून मांडलं. खेळणाऱ्यांत मात्र यावरून जी जुंपली ती अजून मिटलेली नाही. ती का जुंपली हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

फिफामध्ये यूथ अकॅडमी रुजली ती २०११ च्या फिफा १२ पासून. स्काउट, म्हणजे पोरं हेरणारा माणूस, नेमायचा, देश ठरवायचा आणि महिन्याच्या अहवालाची वाट बघायची. स्काउटला दोन गोष्टींचे तारे असत, अनुभव आणि पारख. अनुभव दांडगा असला की यादी लांब येई, पारख चांगली असली की यादीत दर्जेदार पोरं सापडण्याची शक्यता वाढे. पाच-पाच ताऱ्यांचा स्काउट महाग पडायचा, आणि खालच्या लीगमधला क्लब घेतला असेल तर तेवढे पैसे ओतावेत की एखादा बॅक (बचावपटू) विकत घ्यावा हा खरोखरचा पेच असायचा. कसली पोरं हवीत तेही सांगता येई: विंगर, प्लेमेकर, गोलकीपर, अंगापिंडाने दणकट.

अहवालात पोटेन्शियल थेट दिसत नसे. दिसायचा तो ऐसपैस पट्टा, समजा ७४ ते ९२. लगेच करार करायचा किंवा स्काउटला अजून नजर ठेवायला सांगायचं. थांबलात तर पट्टा आवळत जाई, ७४-९२ चा ८३-९१ होई, पण तेवढ्यात दुसरा क्लब पोराला उचलून नेण्याचा धोका. माझ्या मते करिअर मोडमधला सगळ्यात चांगला जुगार हाच होता. अहवाल यायच्या आदल्या दिवशी सेव्ह करून, यादी भिकार निघाली की मागे जाणं ही लबाडी सर्रास चाले. एका आकड्याला किती किंमत होती ते त्यावरून कळतं.

(जाता जाता: १८ वर्षांखालच्या खेळाडूंच्या परदेशी बदल्यांवर जागतिक फुटबॉल महासंघाने, म्हणजे खऱ्या फिफाने, २००१ पासून कडक निर्बंध घातले आहेत, युरोपातल्या युरोपात १६ ते १८ वयाला सवलत वगैरे अपवाद सोडून. डब्यावर त्याच महासंघाचं नाव असलेल्या गेममध्ये मात्र ब्राझीलचा सोळा वर्षांचा पोरगा इंग्लंडच्या अकॅडमीत आणायला कुणाची हरकत नसे.)

आकडा लपवण्याची कल्पना फिफाची नव्हे. ती १९९२ साली सुरू झालेल्या चॅम्पियनशिप मॅनेजर या दुसऱ्या गेमच्या घराण्यातली, जे २००४ पासून फुटबॉल मॅनेजर या नावाने चालू आहे. तिथे आजची क्षमता आणि कमाल क्षमता दोन्ही २०० पैकी मोजतात, दोन्ही खेळणाऱ्यापासून झाकलेल्या. अगदी तरुण खेळाडूंना ठाम आकड्याऐवजी उणे चिन्हाचा सांकेतिक आकडा देण्याची सोयही तिथे आली. नवा डाव सुरू केला की त्या सांकेतिक आकड्याला नेमलेल्या पट्ट्यातला कुठलाही आकडा पडतो, त्यामुळे एकाच पोराचं नशीब दर डावात वेगळं. पण एकदा पडला की पडला. या आकड्यांमागची माहिती इतकी भरवशाची मानली गेली की २००८ मध्ये इंग्लंडच्या एका अव्वल क्लबाने ती खऱ्या स्काउटिंगसाठी वापरायचा करार केला. त्याच घराण्याच्या २००१-०२ च्या आवृत्तीत माहिती गोळा करणाऱ्या एकाने स्वतःलाच अफाट गोल मारणारा स्ट्रायकर म्हणून घुसवलं होतं, हेही तितकंच खरं.

फिफाने २०१३ मध्ये मोठ्या खेळाडूंची रेटिंगंही, म्हणजे आजच्या क्षमतेचे आकडेही, झाकायला सुरुवात केली. स्काउटने पाहिल्याशिवाय नेमका आकडा कळेना. तेव्हाही कुरकुर झाली, पण तो बदल पचला, कारण त्याने शोधण्याचं काम वाढवलं.

२०१९ च्या बदलाने उलटं केलं. ७८ च्या पोटेन्शियलचा साधा मिडफिल्डर सलग खेळवला, त्याने चार गोल मारले, सामन्यामागे रेटिंग चांगलं मिळालं, की त्याचं छप्पर वर सरकायचं. मग महिनोन् महिने अर्जेंटिनात स्काउट पाठवायचा कशाला? समर्थकांचा मुद्दा मात्र खोडणं कठीण आहे. इंग्लंडच्या पाचव्या पायरीच्या लीगमधून २०१२ मध्ये पंचविशीत वर आलेला एक स्ट्रायकर २०१६ मध्ये लीग जिंकून बसला. ठरीव आकड्यांच्या जगात असा माणूस जन्मालाच आला नसता. शिवाय उलटी बाजूही असते, बाकावर बसून कुजलेला वंडरकिड, म्हणजे लहान वयातच मोठी आशा दाखवलेला पोरगा. हे सगळं मान्य करूनही वाटतं की खेळवणाऱ्याच्या हातात आधीच भरपूर होतं, त्याच्या हातून हेरणाऱ्याचा मान जायला नको होता. अडचण अशी की सामने खेळणारा माणूस स्वतःच असतो. कंट्रोलर हातात असलेल्याने आवडत्या पोराकडून गोल मारून घेणं अवघड नाही, आणि मग पोटेन्शियल पोराचं की बोटांचं हा प्रश्न उरतोच.

पुढच्या आवृत्त्या याच दिशेने गेल्या. फिफा २१ मध्ये डेव्हलपमेंट प्लॅन आले आणि स्ट्रायकरला हळूहळू बॅक बनवता येऊ लागलं. फिफा २२ मध्ये इंडियन सुपर लीग आली, तेव्हा मुंबई सिटी किंवा एफसी गोवा घेणाऱ्यांना अकॅडमी ही हौस नसून गरज झाली, कारण पैसा बेताचा. २०२३ मध्ये महासंघाचं नाव गेलं, मालिका एफसी झाली. एफसी २५ पासून अकॅडमीच्या पोरांच्या पाच-पाच जणांच्या स्पर्धा स्वतः खेळता येतात, म्हणजे पोरगा वर यायच्या आधीच त्याचा पहिला टच आपल्याला माहीत असतो. स्काउटचे तारे अजून आहेत, महिन्याचा अहवालही येतो. नवी आवृत्ती आली की २१ वर्षांखालच्यांच्या पोटेन्शियलच्या याद्या पहिल्या आठवड्यातच फिरू लागतात, आणि त्यातले आकडे डावाच्या पहिल्या दिवसाचे असतात.