कवडी कवडीमोल कधी झाली?

रावेर-यावलकडे भाव पडले की ‘केळी कवडीमोल’ हा मथळा ठरलेलाच. शब्द जुना आहे, पण त्यातला हिशेब कोणी तपासत नाही.

कवडी म्हणजे इंचभर पिवळसर समुद्री गोगलगाईचं कवच. जिवंतपणी ती अंगाच्या पातळ पडद्याने ते झाकून ठेवते, म्हणून इतकी झळाळी. हिंदुस्थानात चलन म्हणून आलेल्या बहुतेक कवड्या मालदीवच्या. नारळाच्या झावळ्या पाण्यात सोडायच्या, त्यांना चिकटलेल्या ओढून काढायच्या, मांस कुजेपर्यंत पुरून ठेवायच्या आणि धुऊन गलबतात भरायच्या.

चाळीसगावजवळ पाटण्याला १२०७ चा शिलालेख आहे. ‘लीलावती’ हा गणिताचा ग्रंथ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवाने मठ काढला, त्याचा. त्या लीलावतीत सुरुवातीलाच कोष्टक येतं: २० कवड्यांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म. म्हणजे द्रम्माला १,२८० कवड्या. हलकं नाणं खरं, पण मोजून घ्यायचं. हलकं आणि फुकट यांत आपण गल्लत करतो, सगळा घोळ तिथे आहे. सुट्ट्याची गरज मोठी होती; शेजारच्या गुजरातेत तर त्यासाठी कडू बदामही चालत.

सतराव्या शतकातला एक फ्रेंच जवाहिऱ्या लिहून गेला, की समुद्राजवळ पैशाला ८० कवड्या मिळतात, आग्र्याला ५०-५५च. वाहतुकीचा खर्च! म्हणजे कवडी स्वस्त ती किनाऱ्यावर. आत शिराल तशी महाग. केळीचंही तेच: मळ्यात कवडीमोल, दिल्लीत नाही.

कवडीला खरं पाडलं ते बाजारापेक्षा कचेरीने, असं माझं मत. ओडिशात ईस्ट इंडिया कंपनीने सारा कवड्यांऐवजी चांदीत मागितला. तिथल्या पाइकांच्या, म्हणजे जमिनीच्या मोबदल्यात चाकरी करणाऱ्या शिपायांच्या, १८१७ च्या उठावामागच्या गाऱ्हाण्यांत हेही एक होतं. पुढच्याच वर्षी खानदेश कंपनीकडे गेला. १८३५ च्या कायद्याने नाणी एकसारखी झाली, रुपयाच्या १९२ पै ठरल्या, आणि पैच्या खालचा हिशेब सरकारदरबारी उरला नाही.

राहिली ‘फुटकी कवडी’. चलनात तिला किंमत नव्हती, पण कापडावर टाचायला तीच लागते. तांड्यावरच्या बंजारा बाईच्या फेटियाचा, म्हणजे घागऱ्याचा, घेर हातात घेऊन त्यावरची एखादी कवडी जरा उचलून पाहा: तिची फुगीर पाठ फोडून सपाट केलेली दिसेल. तेव्हाच सुई आरपार जाते.