मुलाला घेऊन कर्ली नदीत एक रात्र: येण्याआधी वाचा

होडीने नदीत आत जायचं, काठावर एक रात्र मुक्काम करायचा आणि सकाळी परतायचं, अशी आमची सहल असते. तिची चौकशी करणारे पालक बहुतेक वेळा शनिवार मागतात, नाहीतर पौर्णिमा. लहान मूल बरोबर असेल तर दोन्हींना आम्ही बहुधा नकार देतो. होडी कधी सोडायची हे आम्ही तिथी बघून ठरवतो. त्यामागचं कारण इथे जरा सविस्तर सांगतो.

सह्याद्रीतून आलेली कर्ली सिंधुदुर्गात देवबाग आणि भोगवे यांच्यामध्ये समुद्राला मिळते. भरतीचं पाणी नदीत बरंच आत चढतं, त्यामुळे खालच्या टप्प्यात नदी दिवसातून दोनदा उलटी वाहते. भरतीचा अंदाज काढायची कोकणातली जुनी रीत म्हणजे तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. नदीत आत जावं तशी ती थोडी उशिरा पोहोचते. शिवाय अष्टमीची भरती भांगाची असते, तिला उधाणाचा जोर नसतो.

म्हणून आम्ही षष्ठी ते दशमी एवढेच दिवस धरतो. दुपारी तीनला देवबागच्या खाडीकडच्या बाजूने निघायचं. भरती होडीला आत नेते आणि खारा वारा पाठीशी असतो. वल्हं मारून मूल दमलं तरी होडी पुढे सरकत राहते, आणि दिवेलागणीआधी मुक्काम गाठता येतो. सकाळी न्याहारी करून निघेपर्यंत ओहोटी लागलेली असते, आणि मतलई वारा दर्याकडे वाहत असतो. जाताना आणि येताना नदीच मदत करते. प्रौढांना प्रवाहाविरुद्ध वल्हवता येतं, पण सात वर्षांच्या मुलाला त्यात मजा येत नाही.

पौर्णिमेला उधाण असतं. भर दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास भरती, तर संध्याकाळी पाचच्या सुमारास सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. मुक्कामाला पोहोचावं तर काठ आणि पाणी यांच्यामध्ये गुडघाभर चिखल. पहिल्या वर्षी आम्ही हौसेने पौर्णिमा धरली आणि माझ्या पाच वर्षांच्या भाचीला खांद्यावर घेऊन त्या चिखलातून चालावं लागलं. एक पाय रुतला की दुसरा निघत नव्हता. ती रडली नाही, पण तिने माझा कान इतका घट्ट धरला होता की अजून आठवतो. त्या रात्रीपासून हा नियम आहे.

चांदणं हवं असेल तर शुद्ध अष्टमी घ्या. संध्याकाळी अर्धा चंद्र डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. मूल अंधाराला घाबरत असेल तर हीच तिथी बरी. वद्य अष्टमीला चंद्र मध्यरात्री उगवतो. तोवर गच्च काळोख आणि भरपूर तारे. थंडीच्या दिवसांत कधी कधी वल्ह्याच्या फटक्याने पाणी निळसर चमकतं. ते पाण्यातल्या सूक्ष्म जीवांमुळे होतं, आणि दर वेळी दिसेलच असं आम्ही कबूल करत नाही.

सहा वर्षांखालच्या मुलांना आम्ही घेत नाही. मूल होडीच्या मधोमध, तळाला चटईवर बसेल. आई किंवा बाबा पुढे, आमचा माणूस मागे. आठ वर्षांखालचं मूल असेल तर होडीला उलांडी, म्हणजे ती कलंडू नये म्हणून बाजूला तरंगणारं लाकूड, बांधतो. लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचं आणि मांड्यांमधून पट्टा येणारंच लागतं. काठावर तुमच्यासमोर ते खांद्यांना धरून वर ओढून बघू. हनुवटीच्या वर सरकलं तर बदलू. मुक्काम येईपर्यंत ते काढायचं नाही, उकडलं तरी नाही. निघण्यापूर्वी कमरेएवढ्या पाण्यात होडी मुद्दाम उलटवून दाखवतो: होडी सोडायची नाही, तिला धरून राहायचं. मुलं हे पालकांपेक्षा लवकर शिकतात.

हातपाय पाण्यात सोडून बसू देत नाही, आणि मुक्कामी नदीत पोहायचं नाही. मगरी सावित्री आणि वाशिष्ठीत नेहमी दिसतात, आणि सिंधुदुर्गातल्या नद्याही त्यांना अनोळखी नाहीत. संगमाजवळच्या त्सुनामी आयलंडकडे आम्ही मुलांना होडीने नेत नाही, कारण मुखाशी ओढ फार असते.

मुक्काम माडांच्या बागेत, एका मांगराशेजारी (बागेतल्या छोट्या घराशेजारी) तंबूत. मांगरात संडास आहे. बागेपर्यंत रिक्षा येते, म्हणून रात्री दोन वाजता मुलाला घरी जावंसं वाटलं तरी संकोच न करता आम्हाला उठवा. जेवायला कुळथाची पिठी, भात आणि कोळंबी, कारण काट्याचे मासे कंदिलाच्या उजेडात मुलांना देववत नाहीत. सकाळी घावणे आणि नारळाचा रस. खाडीचं पाणी मचूळ असतं, म्हणून पिण्याचं पाणी आम्ही बरोबर नेतो.

पायात मागे पट्टा असलेली सँडल हवी. साधी चप्पल चिखलात राहते, आणि दगडांवरची कालवं ब्लेडसारखी कापतात. पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी आणि एक स्वेटर आणा. पहाटे दव पडतं आणि पाण्याकाठी थंडी वाजते. प्रत्येकाला स्वतःची विजेरी हवी, मुलालाही. या भागात फुरसं हा विषारी साप असतो, म्हणून तंबूबाहेर उजेडाशिवाय आणि अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही. सकाळी सँडल झटकूनच घालायची. काही झालंच तर १०८ ला फोन आणि थेट रुग्णालय, घरगुती उपाय नाहीत.

मुलाला दमा, फिट किंवा कसली अॅलर्जी असेल तर नोंदणी करतानाच सांगा. त्यासाठी सहल नाकारत नाही, फक्त औषध होडीत कुठे ठेवायचं ते ठरवून घेतो.

नोव्हेंबर ते मार्च एवढाच आमचा हंगाम. वारा किंवा आभाळ बघून आम्ही सकाळीही सहल रद्द करू शकतो. तसं झालं तर पुढची अष्टमी घ्या, नाहीतर सगळे पैसे परत घ्या. फोन कराल तेव्हा मुलाचं वय आणि वजन सांगा, त्यावरून जॅकेट आदल्या दिवशी काढून ठेवता येतं.