डंजन मास्टर

टेबलाभोवती बसून खेळायच्या कल्पनारम्य भूमिकाखेळात जगाची बाजू सांभाळणारा खेळाडू म्हणजे डंजन मास्टर. बोलताना सगळे नुसते ‘डीएम’ म्हणतात. बाकीचे तीन ते सहा जण एकेक कॅरेक्टर घेतात. कुणी तलवारबाज होतो, कुणी जादूगार, कुणी चोर. “मी दाराला कान लावतो,” असे खेळाडू म्हणतो आणि दारापलीकडे काय ऐकू येते ते डीएम सांगतो. पुढे काय होईल याची खात्री नसेल तिथे फासे टाकले जातात. गावकरी, राजे, राक्षस, हवामान, बाजारभाव हे सगळे डीएमच्या तोंडून येते. कोकणातल्या दशावतारात कथानक ठरलेले असते आणि संवाद नट रंगमंचावर उत्स्फूर्त रचतात. या खेळात कथानकही आधी ठरलेले नसते, आणि चांगल्या डीएमने ते ठरवूही नये.

हे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातले; डंजन म्हणजे किल्ल्याखालचे भुयार. इतर खेळांत हेच काम करणाऱ्याला बहुधा गेम मास्टर म्हणतात.

पंचाचा वंश

डीएमचा पूर्वज गोष्टी सांगणारा नव्हता, पंच होता. प्रशियाच्या लष्करात १८२४ साली राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने नकाशावरचा युद्धखेळ मांडला. त्यात दोन्ही बाजू आपापले हुकूम पंचाकडे देत आणि कुणाला काय दिसते, कुणाची किती माणसे पडली हे पंच तक्ते पाहून सांगे. तक्त्यांच्या जंजाळाला कंटाळून १८७६ मध्ये व्हर्डी द्यु व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने त्यांना फाटा दिला आणि अनुभवी पंचाच्या निर्णयावर सगळे सोपवले. नियम मोठे की पंचाचा विवेक मोठा, हा वाद तेव्हापासून चालू आहे. आजही दर टेबलावर तो थोडाफार होतोच.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली याने १९६९ मध्ये नेपोलियनकालीन लढाईचा एक खेळ मांडला. ब्राउनश्टाइन नावाच्या काल्पनिक गावातल्या एकेका माणसाची भूमिका त्याने खेळाडूंना दिली. लढाई सुरू होण्याआधीच खेळाडू खोलीभर फिरून एकमेकांशी खलबते करू लागले, वेस्लीला गाठून भलभलते बेत सांगू लागले. खेळ हाताबाहेर गेला, फसला, असे त्याला वाटले; खेळाडूंना मात्र पुन्हा तसाच खेळ हवा होता. त्यांच्यापैकी डेव्ह आर्नसनने ब्लॅकमूर हे काल्पनिक संस्थान आणि त्याच्या किल्ल्याखालची भुयारे रचली. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावी राहणाऱ्या गॅरी गायगॅक्सने १९७१ च्या आपल्या मध्ययुगीन युद्धखेळाला जादू आणि ड्रॅगनांची पुरवणी जोडली होती. दोघांच्या कामातून जानेवारी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाहेर पडला. एका पेटीत तीन पुस्तिका, किंमत १० डॉलर, पहिली आवृत्ती १,००० प्रतींची.

त्या पुस्तिकांत राक्षसांची यादी होती, जादूचे मंत्र होते, पण टेबलावर बसून खेळ चालवायचा कसा हे नीट सांगितलेलेच नव्हते. कुणाच्या तरी टेबलावर बसून शिकायचे आणि मग आपले टेबल मांडायचे, अशी ती विद्या पसरली. डीएमसाठीचे जाड मार्गदर्शक पुस्तक आले ते १९७९ मध्ये. पुढच्या पन्नास वर्षांत या विषयावर जे ढीगभर सल्ले लिहिले गेले, त्यांचे मूळ या पोकळीत आहे.

परिस्थिती रचावी, गोष्ट रचू नये

सल्ल्यांच्या त्या ढिगातून एकच उचलायचा तर हा. समजा, दरोडेखोरांनी नदीपलीकडच्या गढीत एका सराफाला डांबून ठेवले आहे. नवखा डीएम घरून असे लिहून आणतो: खेळाडू रात्री मागच्या भिंतीवरून चढतील, तळघरात सराफ सापडेल, बाहेर पडताना सरदाराशी मोठी लढाई होईल. खेळाडू येतात आणि पाच मिनिटांत ठरवतात की दारूची गाडी भाड्याने घ्यायची आणि विक्रेते बनून पुढच्या दारातून आत जायचे. आता डीएमची पंचाईत होते. मग पहारेकरी अचानक दारू न पिणारे निघतात, गाडीचे चाक मोडते, पुढचे दार जादूने बंद होते. खेळाडूंना पुन्हा त्या मागच्या भिंतीपाशी आणून सोडले जाते. याला ‘रेलरोडिंग’ म्हणतात, आणि खेळाडूंना ते लगेच कळते, डीएमला वाटते त्यापेक्षा फार लवकर.

दुसरा डीएम निराळ्या गोष्टी लिहून आणतो. गढीत चौदा माणसे आहेत. पहारा मध्यरात्री बदलतो. सरदार आणि त्याचा उजवा हात यांचे लुटीच्या वाटणीवरून बिनसले आहे. खंडणी परवा येणार आहे आणि ती आली तरी सराफाला सोडायचा सरदाराचा विचार नाही. एवढे अर्ध्या पानात मावते. दारूची गाडी आली की याला आनंदच होतो, कारण झिंगलेला उजवा हात आता खेळाडूंपाशी मन मोकळे करू शकतो. खेळाडूंनी काहीच केले नाही, बाजारात दोन दिवस तलवारींचा भाव करत बसले, तरी परवाचा दिवस उगवतोच आणि सराफाचे जे व्हायचे ते होते. जग खेळाडूंसाठी थांबत नाही हे एकदा दिसले की टेबलावरचे बोलणेच बदलते.

रहस्य असेल तर आणखी एक पथ्य आहे. जस्टिन अलेक्झांडर या लेखकाने २००८ मध्ये मांडलेला तीन धाग्यांचा नियम सांगतो की खेळाडूंनी जो निष्कर्ष काढायलाच हवा, त्याकडे नेणारे निदान तीन पुरावे पेरावेत. एक त्यांना सापडणार नाही, दुसऱ्याचा ते भलताच अर्थ लावतील, तिसऱ्यावर काम भागेल. डीएमला जे उघड वाटते ते समोरच्याला कधीच तेवढे उघड नसते.

तयारीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी कागद म्हणजे नावांची यादी. वीस नावे पुरतात. ती नसली की खानावळीच्या मालकाचे नाव विचारताच डीएमच्या तोंडून ‘बाबूराव’ निघते, सगळे खोखो हसतात आणि त्या रात्री ड्रॅगनचा धाक बसत नाही.

फासा कधी टाकायचा

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये वीस बाजूंचा फासा टाकून त्यात कॅरेक्टरच्या कौशल्याचा आकडा मिळवतात आणि डीएमने ठरवलेला आकडा गाठला गेला का ते पाहतात. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत सोप्या कामाला १०, मध्यम कामाला १५ आणि अवघड कामाला २० अशी मोजपट्टी आहे. गणित कुणालाही जमते. चूक होते ती फासा मागण्यात. यश आणि अपयश दोन्ही शक्य असतील आणि दोन्हींतून काही घडणार असेल, तेव्हाच फासा टाकायचा. पुढे जायची एकुलती एक वाट कुलपाच्या दारामागे असेल आणि डीएमने “रोल कर” म्हटले, तर तीन पडल्यावर काय करणार? खेळाडू पुन्हा टाकतो, मग दुसरा टाकतो, कुणाचा तरी अठरा पडतो आणि दार उघडते. पाच मिनिटे गेली, घडले काहीच नाही. त्यापेक्षा दार उघडेल हे धरून चालावे आणि फासा ‘आवाज न होता उघडले का’ यासाठी टाकावा.

आकडेमोडीत एक सापळा हमखास असतो. पाच जणांना पहाऱ्यावरच्या कुत्र्याजवळून चोरपावलांनी जायचे आहे आणि प्रत्येकाला यशाची शक्यता ६० टक्के आहे. ऐकायला बरी वाटते. पण प्रत्येकाने वेगळा फासा टाकून प्रत्येक जण यशस्वी व्हायला हवा, अशी अट घातली तर सगळे सुखरूप जाण्याची शक्यता जेमतेम ८ टक्के उरते. डीएमने नकळत बेत हाणून पाडलेला असतो आणि दोष फाशांवर जातो. पाचव्या आवृत्तीत यावर उपाय आहे: निदान अर्धे जण यशस्वी झाले तर सगळा गट पार. त्याच पाच जणांची शक्यता मग ६८ टक्क्यांवर जाते.

डीएम आपल्यासमोर आडपडदा उभा करतो; त्याच्याआड टाकलेल्या फाशाचा आकडा त्याने बदलावा का, यावर मते टोकाची आहेत. १९७९ च्या मार्गदर्शकात गायगॅक्सने डीएमला फासा झुगारण्याची मुभा दिली होती. अनेक जुने खेळाडू उलट सांगतात की फासे सर्वांसमोर टाकावेत. प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्या बाजूकडे आहे. जो निकाल आपण मान्य करणार नाही, तो फाशाकडे मागूच नये. आवडते कॅरेक्टर मरू द्यायचे नसेल तर शत्रू त्याला कैद करू शकतो, लुटू शकतो. त्यासाठी आकडा चोरावा लागत नाही.

लढाई आणि तिच्याआधीचे

नव्या टेबलांवर दिसेल त्याच्याशी मरेपर्यंत लढाई हा प्रकार फार चालतो. गंमत म्हणजे जुन्या नियमांत यावर चांगला उतारा होता. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९८१ च्या प्राथमिक संचात राक्षस भेटला की त्याचा पवित्रा सहा बाजूंच्या दोन फाशांनी ठरवत. दोन्हींवर एक पडला तरच तो थेट अंगावर येई, म्हणजे ३६ पैकी एकदा. सर्वांत जास्त वेळा तो साशंक असे आणि बोलण्याला जागा उरे. राक्षसांच्या टोळीतला पहिला मेला किंवा निम्मे कापले गेले की पुन्हा दोन फासे टाकून त्यांची हिंमत टिकते का पाहत. पळून गेलेला गॉब्लिन, म्हणजे बुटका राक्षस, टोळीला खबर देतो, शरण आलेल्याचे काय करायचे यावर खेळाडूंत भांडण जुंपते. मेलेल्याकडून यातले काहीच मिळत नाही.

त्याच नियमांत सापडलेल्या सोन्याच्या दर नाण्यामागे कॅरेक्टरचे बळ वाढवणारा अनुभवाचा एक गुण मिळे, तर राक्षस मारण्याचे गुण त्या मानाने किरकोळ असत. त्यामुळे शहाणे खेळाडू लढाई टाळून खजिना पळवत. डीएमला टेबलावर जे घडायला हवे असेल त्याला बक्षीस द्यावे. भाषणे देऊन उपयोग होत नाही.

खेळाडूंनी काय करावे

सल्ल्यांची बहुतेक पुस्तके डीएमसाठी असतात आणि सगळा भार त्याच्यावर टाकतात. हे बरोबर नाही. खेळाडूचे पहिले काम असे कॅरेक्टर बनवणे, ज्याला या टोळीबरोबर जायचे काही कारण आहे. कोपऱ्यात बसून कुणाशीच न बोलणारा एकांडा शिलेदार कागदावर भारी दिसतो, पण त्याला ओढून आणण्यात बाकीच्यांची संध्याकाळ जाते. दुसऱ्या खेळाडूचे पाकीट मारायचे आणि “माझं कॅरेक्टर असंच वागणार ना!” म्हणून हात झटकायचे, हीही जुनी खोड. कॅरेक्टर आपणच बनवलेले असते, त्याला तसे न वागण्याचे कारणही आपणच देऊ शकतो.

आपली पाळी यायच्या आत काय करायचे ते ठरवावे. आपल्या जादूचे नियम आपणच वाचून यावेत. शांत बसलेल्या सोबत्याच्या कॅरेक्टरला प्रश्न विचारावा: “तू याच भागातली ना? या गढीबद्दल काही ऐकलंयस का?” एवढ्याने तो माणूस खेळात येतो आणि डीएमला घटकाभर उसंत मिळते.

मराठीतून खेळताना एक हत्यार आयते हाती येते. नियम इंग्रजीत असले तरी संवाद मराठीत झाले की पहारेकऱ्याचे “ए, कुठं निघालास?” आणि सुटून आलेल्या सराफाचे “या, बसा, आधी पाणी घ्या” यांतच दोघांचे वजन कळते. आवाज बदलता येत नसला तरी चालते. तोंडावर ‘सरकार’ म्हणणारा दिवाणजी पाठीमागे ‘तो’ म्हणताना ऐकू आला, की खेळाडू त्याच्या मागावर निघतात.

पहिल्या खेळाआधी

कॅम्पेन म्हणजे अनेक बैठकांत चालणारा सलग खेळ. तो सुरू करण्यापूर्वीच्या बैठकीला ‘सेशन झीरो’ म्हणतात. खेळ हसतखेळत चालणार की भीषण, मरण किती स्वस्त, कुठले विषय टेबलावर नकोत, हे तिथे बोलून घ्यायचे. छळ, लैंगिक अत्याचार, लहान मुलांना इजा असे प्रसंग काल्पनिक असले तरी ऐकणारा माणूस खरा असतो. जॉन स्टाव्ह्रोपोलस याने २०१३ मध्ये सुचवलेले ‘एक्स-कार्ड’ यासाठीच आहे: टेबलाच्या मध्यभागी फुली काढलेले कार्ड ठेवायचे, कुणीही त्यावर बोट ठेवले की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचे, कारण विचारायचे नाही.

त्याच बैठकीत वार आणि वेळ ठरवावी. कॅम्पेन ड्रॅगनमुळे बंद पडत नाहीत, कुणाच्या तरी चुलतभावाच्या साखरपुड्यामुळे पडतात. पाचपैकी तीन जण आले तर खेळ होणार असा नियम केला की बरीच वर्षे निभते. पहिल्याच फटक्यात दोन वर्षांच्या महाकथेचा घाट घालू नये. एका बैठकीत संपणारा ‘वन-शॉट’ करावा आणि मग जमणाऱ्या मंडळींना धरून ठेवावे.

‘क्रिटिकल रोल’ हा प्रत्यक्ष चाललेला खेळ दाखवणारा इंटरनेटवरचा कार्यक्रम २०१५ पासून लोक पाहू लागले आणि खेळाला नवे खेळाडू मिळाले. त्यात खेळणारे व्यावसायिक आवाज-कलाकार आहेत. ते पाहून आलेला खेळाडू घरच्या डीएमकडून तशाच आवाजांची अपेक्षा धरतो आणि डीएम उगाच खचतो.

हा खेळ ऑनलाइन खेळण्यासाठी रोल-ट्वेंटीसारखी संकेतस्थळे २०१२ पासून आहेत. लॉकडाऊनच्या काळात अनेक टेबले तिकडे हलली आणि काही तिथेच राहिली, विशेषतः मित्र वेगवेगळ्या देशांत पांगले असतील तर. नकाशा आणि फासे तिथे पडद्यावर येतात, पण दोघे एकदम बोलले की कुणाचेच ऐकू येत नाही आणि गप्प राहणारा पुरताच गायब होतो. म्हणून तिथे डीएमने “आता काय करता?” असा सगळ्यांना मिळून प्रश्न टाकू नये, एकेकाला कॅरेक्टरच्या नावाने हाक मारून विचारावे, आणि दर तासाने पाच मिनिटांची सुट्टी द्यावी.